न दाखवलेला जिना : ओझूच्या घरांचा एक अभ्यास

यासुजिरो ओझू या जपानी दिग्दर्शकाच्या चित्रपटांची गोष्ट सांगायला घेतली, तर ती दोन वाक्यांत संपते. मुलीचे लग्न जमते, ती सासरी जाते आणि बाप घरात एकटा उरतो. किंवा गावाकडचे म्हातारे आईबाप शहरातल्या मुलांकडे राहायला येतात, थोड्या दिवसांत परत जातात आणि आई वारते. १९४९ ते १९६२ या काळात ओझूने तेरा चित्रपट केले. त्यांतल्या बऱ्याच चित्रपटांचा जीव एवढाच आहे. खून नाही, खलनायक नाही, योगायोगही फारसे नाहीत. तरीही २०१२ साली 'साइट अँड साउंड' या ब्रिटिश मासिकाने जगभरच्या दिग्दर्शकांचा कौल घेतला, तेव्हा त्यांनी पहिल्या क्रमांकावर बसवला तो ओझूचा 'टोकियो स्टोरी' (१९५३).

याचे कारण विचारले की साधेपणा, संयम, जपानीपण, झेन असे शब्द कानावर येतात. ते खोटे नाहीत, पण त्यांनी काही उलगडतही नाही. साधे चित्रपट पुष्कळ असतात आणि विसरलेही जातात. माझे म्हणणे असे, की ओझूचे सामर्थ्य त्याने जे दाखवले त्याइतकेच त्याने जे गाळले त्यात आहे, आणि हे गाळणे मनमानी नाही. त्यामागे हिशेब आहे. तो हिशेब काय, हे चार-पाच उदाहरणांवरून मांडण्याचा हा प्रयत्न.

चित्रपटाचे रीतसर शिक्षण मी घेतलेले नाही. छपाईच्या धंद्यात तीस वर्षे गेली, पाने लावण्याचे काम केले. कोरी जागा कुठे आणि किती सोडायची, हे त्या कामाने शिकवले. ओझू पहिल्यांदा पाहिला तो फिल्म सोसायटीच्या खेळात. पुढे डीव्हीडी मिळू लागल्या, तेव्हा चित्र थांबवून, मागे नेऊन पाहण्याची सोय झाली. मग मी एक उद्योग सुरू केला. आलेख-कागदावर ओझूच्या घरांचे नकाशे काढायचे : दार कुठे, स्वयंपाकघर कुठे, मुलीची खोली कोणत्या बाजूला. या लेखाचे बीज त्या नकाशांत आहे.

माणूस

ओझूचा जन्म १२ डिसेंबर १९०३चा, टोकियोच्या फुकागावा भागातला. वडील कामधंद्यासाठी टोकियोत राहिले आणि आई मुलांना घेऊन दूर मात्सुसाका या गावी गेली. त्यामुळे त्याचे शाळकरी वय बहुतांशी वडिलांवाचून गेले. १९२३ साली तो शोचिकू कंपनीत कॅमेऱ्याचा मदतनीस म्हणून लागला आणि १९२७ साली दिग्दर्शक झाला. पन्नासहून अधिक चित्रपट त्याने केले. सुरुवातीचे बरेचसे आज हरवलेले आहेत. त्याने लग्न केले नाही. तो आईबरोबर राहिला. १९६२च्या फेब्रुवारीत आई गेली आणि पुढच्या वर्षी बरोबर साठाव्या वाढदिवशी कर्करोगाने तोही गेला. मुलींच्या लग्नांचे आणि एकाकी बापांचे चित्रपट ज्याने आयुष्यभर केले, तो स्वतः कधी नवरा झाला नाही की बाप झाला नाही. कामाकुराच्या एंगाकुजी मंदिरातल्या त्याच्या थडग्यावर नाव नाही. फक्त एक अक्षर आहे, 'मु'. त्याचा ढोबळ अर्थ शून्य किंवा अभाव.

त्याच्या आयुष्यात आपल्या इतिहासाचा एक धागाही येतो. १९४३ साली लष्कराने त्याला सिंगापूरला पाठवले. सुभाषबाबूंच्या आझाद हिंद सेनेवर त्याने चित्रपट करावा अशी योजना होती. तो चित्रपट पुरा झाला नाही. तिथे असताना ओझूने जप्त केलेले अमेरिकन चित्रपट मात्र भरपूर पाहिले. त्याआधी १९३७ ते १९३९ तो चीनमध्ये सैनिक होता. इतके युद्ध पाहिलेल्या माणसाच्या नंतरच्या चित्रपटांत रणांगण येत नाही. 'लेट स्प्रिंग'मधल्या (१९४९) नोरिकोची प्रकृती युद्धकाळातल्या सक्तीच्या कामाने ढासळली होती, हे आपल्याला तिच्या रक्ततपासणीच्या ओझरत्या उल्लेखातून कळते. 'टोकियो स्टोरी'त मेलेला मुलगा फळीवरच्या फोटोत असतो. युद्ध गाळलेले आहे, त्याने सोडलेली जागा मात्र दिसते.

कॅमेरा कुणाच्या उंचीवर?

ओझूबद्दल सर्वांना ठाऊक असलेली गोष्ट म्हणजे त्याचा खाली ठेवलेला कॅमेरा. त्याचे प्रचलित स्पष्टीकरण असे, की जपानी माणूस घरात तातामी चटईवर बसतो, म्हणून कॅमेरा त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर. ऐकायला हे पटते, पण पडद्यावर तपासले की अडते. चटईवर बसलेल्या माणसाच्या डोळ्यांपेक्षाही तो कॅमेरा बऱ्याचदा खाली असतो. शिवाय कचेरीत, दारूच्या गुत्त्यात, आगगाडीच्या फलाटावर, जिथे कुणी चटईवर बसलेले नाही, तिथेही तो खालीच राहतो. डेव्हिड बोर्डवेल या अमेरिकन अभ्यासकाने १९८८च्या आपल्या ग्रंथात हा मुद्दा सविस्तर मांडला आहे : कॅमेऱ्याची उंची समोरच्या वस्तूच्या प्रमाणात बदलते, पण ती नेहमी तिच्यापेक्षा कमी असते. म्हणजे हा कॅमेरा घरातल्या कुणाच्याच डोळ्यांतून पाहत नाही. बापाच्या नाही, मुलीच्या नाही, पाहुण्याच्या नाही.

दुसरी गोष्ट संवादांची. दोन माणसे समोरासमोर बोलत असली, की दिग्दर्शक त्यांच्यामध्ये एक काल्पनिक रेषा धरतात आणि कॅमेरा तिच्या एकाच बाजूला ठेवतात. त्यामुळे पडद्यावर एक उजवीकडे पाहतो, दुसरा डावीकडे, आणि ते एकमेकांकडे पाहत आहेत हे आपल्याला बिनचूक समजते. हॉलिवूडपासून मुंबईपर्यंत हा नियम पाळला जातो. ओझू तो मोडतो. प्रत्येक वेळी रेषा ओलांडून तो बोलणाऱ्याला जवळजवळ समोरून टिपतो. बाप आणि मुलगी समोरासमोर बसलेली असतात, पण पडद्यावर दोघे एकाच दिशेला पाहताना दिसतात. त्याने जन्मभर बहुतेक एकच, ५० मिलिमीटरची, भिंग वापरली. त्यामुळे दोघांचे आकारही सारखे राहतात. पहिल्यांदा पाहताना डोळा ठेचकाळतो. नंतर ध्यानात येते, की या मांडणीत कुणी कुणाच्या विरुद्ध उभे नाही. भांडणातसुद्धा.

जिना

आता माझ्या नकाशांकडे येतो. 'लेट स्प्रिंग'मध्ये विधुर प्राध्यापक सोमिया आणि त्याची सत्तावीस वर्षांची मुलगी नोरिको कामाकुरातल्या घरात राहतात. खालच्या खोल्या, पडवी, दार, बोळ हे सगळे कागदावर नीट बसते. नोरिकोची खोली वर आहे. पात्रे वर जातात, खाली येतात. पण वरचा मजला आणि खालचा मजला जोडणारी रेघ कागदावर काढता येत नाही, कारण जिना दाखवलेलाच नाही. माणूस एका चित्रात खाली चालताना दिसतो आणि पुढच्या चित्रात वर.

शिगेहिको हासुमी या जपानी समीक्षकाने ओझूच्या उत्तरकाळातल्या या अदृश्य जिन्यांकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले. हे मुद्दाम केलेले आहे, असे मानायला जागा आहे. आदल्याच वर्षीच्या 'अ हेन इन द विंड' (१९४८) या चित्रपटात जिना फार ठळक आहे. युद्धावरून परतलेला नवरा बायकोला ढकलतो आणि ती त्या जिन्यावरून गडगडत खाली येते. ओझूच्या चित्रपटांतला हा सर्वांत हिंसक क्षण. त्यानंतर 'लेट स्प्रिंग'पासून घरातला जिना पडद्याआड जातो.

याचा परिणाम असा होतो, की वरची खोली मुलीची होऊन राहते. आपल्याला तिथे पोचण्याची वाट माहीत नसते. बापालाही आपण ती वाट चढताना पाहत नाही. एकाच घरात राहणाऱ्या दोन माणसांमध्ये जे अंतर असते, ते बोलून न दाखवता घराच्या रचनेतच ठेवलेले आहे.

लग्न आणि नवरदेव

'लेट स्प्रिंग'ची सगळी धडपड नोरिकोच्या लग्नासाठी आहे. तिला बापाला सोडून जायचे नाही. ती जावी म्हणून बाप खोटे सांगतो, की मी दुसरे लग्न करतो आहे. एवढे सगळे ज्या माणसासाठी, तो नवरदेव पडद्यावर येतच नाही. त्याच्याविषयी कळते ते इतकेच, की त्याचे तोंड गॅरी कूपरसारखे आहे असे आत्या म्हणते, आणि त्याचे नाव कुमातारो आहे. जपानीत 'कुमा' म्हणजे अस्वल; तेव्हा या जावयाला हाक तरी काय मारायची, या चिंतेने आत्या हैराण असते. लग्नही दिसत नाही. नवरीच्या पोशाखातली नोरिको बापाचा निरोप घेते, खोलीतून जाते आणि मागे उरतो रिकाम्या खोलीतला आरसा. पुढच्या प्रसंगात लग्न आटोपलेले आहे आणि बाप मुलीच्या मैत्रिणीबरोबर बसून पितो आहे.

आपल्याकडे मुलीची पाठवणी म्हणजे रडण्याची हक्काची जागा. सनई, अंतरपाट, आईची गळामिठी, गाडीची काच. आपले चित्रपट ती जागा सोडत नाहीत आणि त्यात वावगेही काही नाही. पण ओझूने लग्न दाखवले असते, तर चित्रपट लग्नाचा झाला असता : मुलगा बरा आहे की नाही, मुलगी सुखी होईल की नाही, हे प्रश्न मनात आले असते. नवरदेवच गाळल्यामुळे हे सगळे दूर होते आणि उरतो एकच प्रश्न, त्या घरातून काय गेले. हे 'काय गेले' शेवटच्या दृश्यात कळते. बाप घरी येतो, खुर्चीत बसून सफरचंद सोलतो. साल तुटून पडते आणि त्याची मान खाली जाते. ही भूमिका करणाऱ्या चिशू र्‍यूने पुढे सांगितले, की तिथे मोठ्याने रडावे असे ओझूने सुचवले होते. पण ते आपल्याला जमणार नाही असे र्‍यू म्हणाला आणि ओझूने ऐकले. अर्थात हा संयम वरून लादलेला सिद्धांत नव्हता, दोघांनी मिळून शोधलेली ती जागा होती.

फुलदाणी

ओझूच्या कोणत्याही दृश्याबद्दल इतके लिहिले गेले नसेल, जितके 'लेट स्प्रिंग'मधल्या एका फुलदाणीबद्दल. लग्नाआधी बापलेक क्योटोला जातात. रात्री शेजारी शेजारी अंथरुणे. नोरिको काही सांगू लागते, पण बापाला झोप लागलेली असते. ती छताकडे पाहून किंचित हसते. मग पडद्यावर कोपऱ्यातली फुलदाणी येते आणि तिच्यामागे कागदी सरकत्या दारावर हलणाऱ्या सावल्या. पुन्हा नोरिको. आता तिचे डोळे भरून येऊ लागले आहेत. पुन्हा तीच फुलदाणी, पहिल्यापेक्षा अधिक वेळ.

पॉल श्रेडर यांनी १९७२च्या आपल्या पुस्तकात या फुलदाणीत लौकिकापलीकडचा, आध्यात्मिक अर्थ पाहिला. डोनाल्ड रिची यांच्या मते नोरिको फुलदाणीकडे पाहते आणि आपण तिच्या मनात शिरतो. इतरांनी आक्षेप घेतला, की ती फुलदाणीकडे पाहतच नाही.

मला या वादात एक साधी गोष्ट निसटल्यासारखी वाटते. नोरिकोचा चेहरा आधी हसरा असतो, नंतर रडवेला. तो बदलताना आपण पाहत नाही. फुलदाणी पडद्यावर असते तेव्हाच तो बदल घडतो. म्हणजे ही फुलदाणी लग्नाचे आणि जिन्याचेच काम करते आहे. खालून वर जाणे जसे गाळले, मुलगी परकी होणे जसे गाळले, तसेच हसण्यातून रडण्यात जाणेही गाळले. ओझू अलीकडचा काठ दाखवतो, पलीकडचा काठ दाखवतो. मधले पाणी दाखवत नाही. ते आपण आपल्या अनुभवाने भरतो, आणि म्हणूनच ते खोटे पडत नाही.

दोषी कोण?

हे सगळे तंत्राचे झाले. त्याने साधले काय, हे 'टोकियो स्टोरी'त दिसते.

ओनोमिचीहून म्हातारे शुकिची आणि तोमी टोकियोला येतात. थोरला मुलगा कोइची डॉक्टर, मुलगी शिगे केशभूषेचे दुकान चालवते. दोघांनाही वेळ नाही. आईबापांना स्वस्तात अतामीच्या गरम पाण्याच्या झऱ्यांवर पाठवले जाते; तिथे रात्रभर गोंगाट, म्हणून ती लवकर परततात. मायेने वागते ती युद्धात गेलेल्या मुलाची विधवा नोरिको. परतीच्या प्रवासात आई आजारी पडते आणि घरी पोचल्यावर वारते.

या विषयाची मराठीत मोठी परंपरा आहे. 'टोकियो स्टोरी'नंतर वर्षभराने आलेला राजा परांजपे यांचा 'ऊन पाऊस' (१९५४) म्हाताऱ्या मास्तरांची आणि त्यांच्या मुलांची गोष्ट सांगतो. 'नटसम्राट'मधले गणपतराव बेलवलकर तर घराघरांत पोचले. ओझूच्या चित्रपटाचेही मूळ परदेशी आहे : त्याचा सहलेखक कोगो नोदा याने लिओ मॅकेरी यांचा 'मेक वे फॉर टुमॉरो' (१९३७) हा अमेरिकन चित्रपट पाहिला होता. आपल्या परंपरेत आईबापांची वेदना मोठी होत जाते आणि प्रेक्षक मुलांवर चिडतो. त्या चिडीत एक समाधानही असते, कारण आपण तसे नाही असे वाटते.

ओझू हे समाधान देत नाही. कोइची रविवारी आईबापांना फिरायला नेणार असतो, सगळे कपडे करून बसलेले असतात, तेवढ्यात आजारी मुलाचे बोलावणे येते. डॉक्टरने जाऊ नये काय? बाप जुन्या मित्रांबरोबर पिऊन मध्यरात्री शिगेच्या घरी येतो आणि ती संतापते. ती असे का वागते, हे तिच्या बोलण्यातून ओझरते कळते : तिच्या लहानपणी बाप असाच पिऊन येत असे. म्हणजे म्हाताऱ्याच्या नावावरही जुनी बाकी आहे. आई जाणार हे कळल्यावर सर्वांत जास्त रडते ती हीच शिगे, आणि अंत्यविधीनंतरच्या जेवणावर आईचे कपडे आठवण म्हणून मागते तीही शिगे. दोन्ही खरे. आणि नोरिको? जिला आपण देवी करून टाकलेले असते, ती शेवटी सासऱ्याला सांगते, की मी तुम्हाला वाटते तितकी चांगली नाही, नवऱ्याची आठवण न येता दिवसच्या दिवस जातात.

इथेही मधले पाणी गाळलेले आहे. आई गाडीत आजारी पडली, हे ओसाकातला धाकटा मुलगा कचेरीत सहकाऱ्याला सांगतो तेव्हा आपल्याला समजते. तिचा शेवटचा श्वास दिसत नाही. पहाटेची रिकामी ओनोमिची दिसते, आणि मग चेहऱ्यावर कापड घातलेली आई. बाप बाहेर उभा असतो. नोरिको बोलवायला येते, तेव्हा तो म्हणतो, पहाट सुंदर होती, आज उकडणार.

हा चित्रपट मी प्रथम पाहिला तेव्हा तिशीत होतो. आई गावी एकटी होती आणि मी छापखान्याच्या पाळ्या करत होतो. मी तो कोइचीच्या जागी बसून पाहिला. आता पंचावन्न उलटली, मुलगी बंगळुरूला असते, दिवाळीत चार दिवस येते. आता मी शुकिचीच्या जागी बसतो. चित्रपट तोच, त्यातला एक इंचही माझ्या वयाप्रमाणे सरकलेला नाही. तरी दोन्ही जागांवरून तो खरा वाटतो, कारण ओझूने दोन्ही जागा सारख्याच उंचीवरून पाहिल्या आहेत. गाळण्याचा हिशेब म्हणतो तो हाच. मरणाचा प्रसंग दाखवला, की आईबापांचे पारडे जड होते. लग्नाचा सोहळा दाखवला, की मुलांचे. तो क्षण काढून घेतला, की पारडी स्थिर राहतात आणि माणसे न्यायाधीशाच्या नजरेतून सुटतात.

शेवटचा चित्रपट

ओझू नव्याने पाहू इच्छिणाऱ्यांनी 'गुड मॉर्निंग'पासून (१९५९) सुरुवात करावी, असे मी सुचवेन. टीव्ही मिळावा म्हणून दोन भाऊ मौन धरतात. मोठी माणसे उगाच 'आज हवा छान आहे' वगैरे बोलत बसतात, ही त्यांची तक्रार. शेवटी फलाटावर एकमेकांवर मन जडलेले दोघे उभे असतात आणि बोलतात फक्त हवेबद्दल. ओझू कसा ऐकायचा, याचा हा हसतखेळत दिलेला धडा आहे. त्यानंतर 'लेट स्प्रिंग', मग 'टोकियो स्टोरी'.

आणि शेवटी 'ॲन ऑटम आफ्टरनून' (१९६२). गोष्ट पुन्हा तीच : विधुर बाप, लग्नाची मुलगी, पुन्हा चिशू र्‍यू. पुन्हा लग्न दिसत नाही, नवरदेव दिसत नाही. लग्नाच्या कपड्यांत बाप गुत्त्यावर जातो, तेव्हा मालकीण विचारते, कुणाच्या अंत्यविधीला गेला होता का. तो म्हणतो, तसेच काहीसे. मग तो घरी येतो. इथे ओझू आजवर गाळलेली एक गोष्ट दाखवतो. रिकाम्या घरात, अंधारात, समोरून, जिना.

माझ्या कागदावरची ती रेघ या शेवटच्या चित्रपटात काढता आली. वर जायची वाट आता मोकळी आहे, कारण वर कुणी नाही. बाप पायथ्याशी उभा राहून क्षणभर वर पाहतो, आणि मग स्वयंपाकघरात जाऊन बसतो.